सॉर्ट स्टेप ॲबेंड (मध्येच बंद पडणं): यू००४६, बी३७, सॉक सेव्हन (एस०सी७). वाचायला सुरुवात कुठून करायची?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. झेड/ओएसवरच्या (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) महिनाअखेरच्या बॅचमध्ये एक सॉर्ट स्टेप यू००४६ देऊन पडते आहे. तपशील असे:

इनपुट एफबी (सगळे रेकॉर्ड एकाच लांबीचे), रेकॉर्ड लांबी २०० बाइट, ब्लॉक २७,८००. एरवी दीड कोटी रेकॉर्ड असतात, या वेळी ४ कोटी आहेत. जेसीएलमध्ये (जॉब चालवायच्या सूचना) सॉर्टवर्कचे, म्हणजे सॉर्टच्या तात्पुरत्या जागेचे, ६ डीडी (फाइल जोडणाऱ्या ओळी) आहेत, प्रत्येकी प्रायमरी (सुरुवातीची जागा) ३०० सिलिंडर, सेकंडरी (पुढची प्रत्येक भर) ५०. सिसआउटमध्ये (मेसेज छापले जातात ते आउटपुट) आयसीई०४६ए, आणि त्यापुढे रेकॉर्ड काउंट २ कोटी ५९ लाखांच्या आसपास. रीजन (जॉबची मेमरी) वाढवून पाहा असा सल्ला मिळाला, पण रीजन आधीच शून्य एम, म्हणजे मिळेल तेवढा आहे.

प्रश्न दोन. सॉर्टवर्क किती वाढवायचं? आणि सॉर्टचा कुठलाही ॲबेंड आला की आधी काय बघायचं?

स्पूलवाला
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यातच निम्मं काम होतं.

पहिल्यांदा सॉर्ट कोणता आहे ते बघा. पीजीएम=सॉर्ट लिहिलेलं असलं तरी मागे आयबीएमचा डीएफसॉर्ट असेल किंवा सिंकसॉर्ट (त्या कंपनीचं नाव २०२० पासून प्रिसायजली आहे). मेसेज आयसीईने सुरू होत असतील तर डीएफसॉर्ट, डब्ल्यूईआरने होत असतील तर सिंकसॉर्ट. नेहमीच्या बऱ्याच चुकांचे आकडे दोन्हीकडे सारखे आहेत. उदाहरणार्थ, आयसीई०४६ए आणि डब्ल्यूईआर०४६ए दोन्हींचा अर्थ जागा पुरली नाही. पण सगळेच आकडे जुळत नाहीत, म्हणून ज्याचं त्याचं मॅन्युअल उघडा.

नंतर सिसआउटमध्ये ज्या मेसेजच्या शेवटी ए आहे असा पहिला मेसेज शोधा. आय म्हणजे नुसती माहिती, ए म्हणजे गंभीर. खालून वर वाचत गेलात तर बरेचदा परिणाम हाती लागतो, कारण नाही.

यू००४६ हा वेगळा ॲबेंड नाही. डीएफसॉर्टला गंभीर चूक सापडली की तो रिटर्न कोड १६ देऊन थांबतो किंवा मेसेजच्याच आकड्याचा यूजर ॲबेंड देतो. यांपैकी काय करायचं हे इन्स्टॉलेशनच्या ईआरईटी या पर्यायावर ठरतं. मुळात तो आरसी१६ असतो, तुमच्याकडे ॲबेंड ठेवलेला दिसतो. म्हणून एका शॉपमध्ये यू००४६ दिसतं आणि दुसरीकडे त्याच चुकीला नुसता १६. तुमच्याकडची सेटिंग कळण्यासाठी आयसीईटूल या डीएफसॉर्टबरोबरच्या साधनाचा डिफॉल्ट्स ऑपरेटर चालवा, सगळी यादी छापून मिळते.

सिसआउटमध्ये काहीच नसेल तर दोन शक्यता. रिटर्न कोड २० असेल तर मेसेजचा डीडीच दिलेला नाही. नाहीतर मेसेज छापणं क्रिटिकलपुरतं मर्यादित केलेलं असेल. तेव्हा डीएफएसपार्म या डीडीत ऑप्शन एमएसजीपीआरटी=ऑल द्या आणि जेसीएलमध्ये सॉर्टडायग हा डीडी डमी म्हणून घाला. त्या एका ओळीने निदानाचे सगळे मेसेज सुरू होतात. ब्लॉकसेट हे सॉर्टचं वेगवान तंत्र का वापरता आलं नाही, त्याचा कारणकोडही आयसीई८००आय मध्ये मिळतो.

जुनी_बॅच
आता जागेचा हिशेब. ३३९० डिस्कवर एका ट्रॅकमध्ये २७,९९८ बाइटपर्यंतचे दोन ब्लॉक बसतात. तुमच्या २७,८०० च्या ब्लॉकमध्ये १३९ रेकॉर्ड, म्हणजे ट्रॅकला २७८. सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक, म्हणजे ४,१७० रेकॉर्ड. ४ कोटी भागिले ४,१७० केलं की ९,५९३ सिलिंडर येतात. ही झाली नुसती इनपुटची जागा.

तुमच्या प्रत्येक सॉर्टवर्कला जास्तीत जास्त १६ एक्स्टेंट (डिस्कवरचे सलग तुकडे) धरले तर ३०० अधिक १५ गुणिले ५० म्हणजे १,०५० सिलिंडर. सहाचे ६,३००. त्यांत साधारण २ कोटी ६२ लाख रेकॉर्ड मावतात. आयसीई०४६ए चा आकडा २ कोटी ५९ लाख आला, तो इथून. सॉर्ट वर्क डिस्कवर स्वतःच्या पद्धतीने ब्लॉक मांडतो, त्यामुळे हे गणित तंतोतंत जुळणार नाही, पण जागाच संपली हे कळायला पुरेसं आहे. दीड कोटीला ३,६०० च्या आत काम होत होतं म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही.

एफबीसाठी इनपुटच्या किमान १.२ पट जागा धरा, म्हणजे सुमारे ११,५०० सिलिंडर. व्हीबीला (रेकॉर्डची लांबी कमी-जास्त) यापेक्षा सैल हात ठेवा. पण माझा सल्ला असा की जेसीएलमधले सहाही सॉर्टवर्क डीडी काढून टाका आणि ऑप्शन डायनालॉक=(सिसडीए,१२) द्या. रेकॉर्ड किती हे ठाऊक असलं की सॉर्ट जागा स्वतः मोजून घेतो. डीडी तसेच ठेवून डायनालॉक दिलं तर साधारणपणे त्याच्याकडे दुर्लक्षच होतं, जेसीएलमधल्या डीडींना मान मिळतो. याला अपवाद म्हणजे इन्स्टॉलेशनमध्ये डायनऑटो=आयजीएनडब्ल्यूकेडीडी ठेवलेलं असणं.

डीडी ठेवायचेच असतील तर एक लक्षात घ्या. एका सॉर्टवर्कला चार व्हॉल्यूम (डिस्क) दिले तरी सॉर्ट पहिल्याच व्हॉल्यूमवरची जागा वापरतो. म्हणून डीडींची संख्या वाढवा, व्हॉल्यूमची नव्हे.

रीजनचा इथे संबंध नाही. मेमरी कमी पडली असती तर आयसीई०३९ए आला असता आणि किमान किती के वाढवा तेही त्यात लिहिलेलं असतं. किंवा सरळ सिस्टिमचा एस८७८ अथवा एस८०ए आला असता. रीजन शून्य एम लिहूनही एस८७८ येत असेल तर आयईएफयूएसआय हा एक्झिट (मध्ये घातलेला स्थानिक प्रोग्रॅम) शांतपणे मर्यादा घालत असतो. ते सिस्टिम प्रोग्रॅमरला विचारा.

कोबोलकर
जुनी_बॅच यांच्या प्रतिसादात एक भर. 'रेकॉर्ड किती हे ठाऊक असलं की' ही अट फार महत्त्वाची आहे.

कोबोलमधून सॉर्ट व्हर्ब वापरला आणि इनपुट प्रोसीजर दिली, की सॉर्टला फाइल दिसतच नाही. रेकॉर्ड रिलीजने एकेक करून येतात. मग तो अंदाजाने जागा घेतो, आणि रेकॉर्ड वाढले की आयसीई०४६ए. ई१५ एक्झिट (सॉर्टला रेकॉर्ड देणारा आपला प्रोग्रॅम) असेल तरी तेच. टेपवरच्या किंवा कॉम्प्रेस केलेल्या इनपुटचा अंदाजही चुकू शकतो. अशा वेळी डीएफएसपार्म या डीडीमध्ये लिहा:

ऑप्शन फिल्सझ=ई४०००००००,डायनालॉक=(सिसडीए,१२)

फिल्सझ म्हणजे रेकॉर्डची संख्या, ई म्हणजे अंदाज. ई न लावता नुसता आकडा दिलात तर सॉर्ट तो नेमका आकडा मानतो, आणि प्रत्यक्षात जुळला नाही तर आयसीई०२५ए देऊन थांबतो. व्हीबी फाइल असेल आणि कमाल लांबी ४,००० असून सरासरी ३०० असेल तर एव्हीजीआरलेन=३०० पण द्या, नाहीतर गरजेपेक्षा कितीतरी जास्त जागा मागितली जाते आणि आयसीई०८३ए येतो. आयसीई०८३ए म्हणजे मागितलेली वर्क जागा पूलमध्ये (सामायिक डिस्कजागा) मिळालीच नाही. ०४६ आणि ०८३ मध्ये गल्लत करू नका. पहिल्यात घेतलेली जागा अपुरी पडली, दुसऱ्यात जागा हातीच आली नाही. ०८३ ला स्टोरेज टीमशी बोलायचं, किंवा डायनालॉकमधला आकडा वाढवून प्रत्येक तुकडा लहान करायचा.

कोबोलमध्ये आणखी दोन गोष्टी छळतात. डिस्प्लेच्या ओळी आणि सॉर्टचे मेसेज दोन्ही सिसआउटमध्येच जातात आणि एकमेकांत मिसळतात. सॉर्ट-मेसेज या स्पेशल रजिस्टरमध्ये वेगळं डीडी नाव टाका, मेसेज सुटे मिळतात. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. सॉर्ट व्हर्बनंतर सॉर्ट-रिटर्न तपासलाच पाहिजे. त्यात १६ असेल तर सॉर्ट फसला आहे. तो न तपासता प्रोग्रॅम पुढे गेला, तर तीन स्टेप पलीकडे कुठेतरी रिकाम्या फाइलवर ॲबेंड होतो आणि माणसं तिथेच शोधत बसतात.

रात्रपाळी
सविस्तर उत्तरांबद्दल सगळ्यांचे आभार. सॉर्टवर्क डीडी काढून डायनालॉक दिल्यावर ०४६ गेला. आता सॉर्टआउटवर, म्हणजे आउटपुटवर, एसबी३७-०४ (जागा पुरली नाही). आउटपुटची जागा प्रायमरी ५००, सेकंडरी २०० सिलिंडर, एक व्हॉल्यूम, डिस्पोझिशन न्यू,कॅटलॉग,डिलीट (नवी फाइल, स्टेप नीट झाली तर ठेवायची, पडली तर पुसायची). व्हॉल्यूम मोठा आहे, त्यावर जागाही शिल्लक दिसते.

जुनी_बॅच
जागा शिल्लक असूनही बी३७ येतो, कारण साध्या सीक्वेन्शियल डेटासेटला एका व्हॉल्यूमवर १६ एक्स्टेंटच मिळतात. ५०० अधिक १५ गुणिले २०० म्हणजे ३,५०० सिलिंडर. तुम्हाला हवेत ९,५९३. शिवाय प्रायमरी तरी अखंड मिळते असं नाही, ती ५ तुकड्यांपर्यंत विभागून मिळू शकते. तसं झालं तर सेकंडरीला ११ एक्स्टेंटच उरतात.

प्रायमरी सरळ १०,००० करावी असं वाटेल, पण तेही चालणार नाही. साध्या फॉरमॅटच्या डेटासेटला एका व्हॉल्यूमवर ६५,५३५ ट्रॅकची मर्यादा आहे, म्हणजे ४,३६९ सिलिंडर. तेव्हा तीन रस्ते आहेत.

डीएसएनटाइप=लार्ज द्या, ट्रॅकची मर्यादा उठते, एक्स्टेंट १६ च राहतात. प्रायमरी ५,०००, सेकंडरी १,००० ठेवली तर पुरून उरेल. किंवा डेटा क्लासमधून एक्स्टेंडेड फॉरमॅट घ्या, तिथे व्हॉल्यूमला १२३ एक्स्टेंट मिळतात. किंवा युनिट काउंट ४ देऊन अनेक व्हॉल्यूमवर पसरू द्या. साध्या फॉरमॅटमध्ये पुढच्या व्हॉल्यूमवर सेकंडरीच्याच मापाने जागा मिळते, म्हणजे प्रत्येकी १६ गुणिले २००, ३,२००. तीन व्हॉल्यूम मिळून ९,९०० होतात, ते काठावर आहे. म्हणून चार. मी लार्ज निवडेन, कारण जेसीएलमध्ये एकच शब्द बदलतो आणि वाचणाऱ्याला हेतू कळतो. मात्र फाइल पुढे कोणकोणते प्रोग्रॅम वाचतात ते तपासा. जुन्या असेंब्लर युटिलिटी लार्ज फॉरमॅट उघडताना अडू शकतात.

स्पूलवाला
बी३७, डी३७, ई३७ यांत डीडी कोणता हे आधी बघा. आयईसी०३०आय (बी३७), ०३१आय (डी३७), ०३२आय (ई३७) या ओळींत जॉब, स्टेप, डीडी, व्हॉल्यूम आणि डेटासेट सगळं असतं. डी३७ सगळ्यात सोपा, सेकंडरी दिलेलीच नसते. एका सॉर्ट स्टेपमध्ये आउटफिलचे (एका सॉर्टमधून अनेक आउटपुट) पाच डीडी असतील तर भलत्याच डीडीची जागा वाढवून पुन्हा जॉब चालवण्यात तास जातो.

हेक्सऑन
शीर्षकातल्या सॉक सेव्हनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

एस०सी७ म्हणजे डेटा एक्सेप्शन, आकड्याच्या जागी आकडा नसणं. सॉर्टमध्ये तो सहसा सम (बेरीज), इनरेक, आउटरेक (सॉर्टच्या आधी आणि नंतर रेकॉर्डची मांडणी बदलणं) किंवा इन्क्लूडमध्ये (रेकॉर्ड निवडणं) पॅक्ड (बाइटला दोन अंक) अथवा झोन्ड (बाइटला एक अंक) म्हणून सांगितलेल्या जागेवर भलताच मजकूर असला की येतो. फील्ड नुसती सॉर्ट की असेल तर ॲबेंड होईलच असं नाही. जॉब शांतपणे पार पडेल आणि क्रमाचा भरवसा मात्र राहणार नाही.

सिसआउटमध्ये बहुधा आयसीई१८५ए दिसेल. त्यातले शब्द नीट वाचा. ॲबेंड डीएफसॉर्टने, दुसऱ्या प्रोग्रॅमने किंवा एक्झिटने दिला, एवढंच तो म्हणतो. स्टेपमध्ये ई१५ किंवा ई३५ एक्झिट असेल तर डंपमधला पीएसडब्ल्यू (चूक झाली तेव्हाच्या सूचनेचा पत्ता) कोणत्या मॉड्यूलमध्ये आहे ते आधी बघा. एक्झिटमधली चूक असताना डेटात तास घालवू नका.

पॅक्डच्या शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असतं, तिथे ए ते एफ हवं, बाकी सगळे अर्धे बाइट ० ते ९ हवेत. चार बाइट स्पेस म्हणजे हेक्समध्ये ४०४०४०४०. शेवटचा अर्धा बाइट ०, म्हणून सॉक सेव्हन. झोन्डमध्ये मजा वेगळी आहे. डावीकडच्या स्पेस खपून जाऊ शकतात, कारण ४० चा खालचा अर्धा ० म्हणून घेतला जातो. शेवटचा बाइट स्पेस असेल तर मात्र चिन्हाच्या जागी ४ येतो आणि फसतो. म्हणूनच '   १२' चालतं आणि पूर्ण रिकामी फील्ड पाडते.

वाईट रेकॉर्ड शोधायला डंप लागत नाही. आयसीईटूलमध्ये:

व्हेरिफाय फ्रॉम(इन) ऑन(२१,४,पीडी)

इथे २१ ही फील्डची जागा, ४ लांबी, पीडी म्हणजे पॅक्ड. ज्या रेकॉर्डमध्ये आकडा वाईट आहे त्याचा क्रमांक आणि हेक्स किंमत आयसीई६१८ए खाली छापली जाते. मुळात २०० चुकांनंतर थांबतो, जास्त हव्या असतील तर लिमिट द्या.

छापलेलं हेक्स बरंच काही सांगतं. सगळीकडे ४० असेल तर पाठवणाऱ्याने फील्ड इनिशियलाइज केलेली नाही. एफ१एफ२एफ३ असं दिसलं तर ते झोन्ड आहे, तुम्ही पॅक्ड म्हणालात. बरोबर किंमत दोन बाइट पुढे सरकलेली दिसली तर कॉपीबुक (रेकॉर्डच्या मांडणीचं वर्णन) बदललं आहे. आणि बाइट विस्कटलेले दिसले तर फाइल एफटीपीने टेक्स्ट मोडमध्ये आली का विचारा. त्या मोडमध्ये पॅक्ड बाइटचंही आस्की-एब्सिडिक भाषांतर होतं. ते उलटं फिरवून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका, फाइल बायनरीत पुन्हा मागवा.

रात्रपाळी
ज्या रेकॉर्डमध्ये आकडा वाईट आहे तिथे शून्य घालून सॉर्ट पुढे नेणं योग्य का? इनरेकमध्ये इफदेन=(व्हेन=(२१,४,पीडी,एनई,नम),ओव्हरले=(२१:एक्स'००००००० सी')) असं सुचवलं गेलं आहे.

हेक्सऑन
एक्सच्या अवतरणात मध्ये मोकळी जागा नको, सलग आठ हेक्स अंक हवेत. ती असली तर सिंटॅक्सचीच चूक येईल. वाक्यरचना बाकी बरोबर आहे. पण रकमेच्या फील्डला मी ठाम नाही म्हणेन. शून्य घातलं की ॲबेंड जातो आणि चुकीची बेरीज खात्यावर जाते. तोच नम (आकडा बरोबर आहे का) तपास वापरून फाइल दोन आउटफिलमध्ये फोडा. चांगले रेकॉर्ड पुढे, वाईट वेगळ्या फाइलमध्ये, आणि त्या फाइलमध्ये एक जरी रेकॉर्ड असलं तरी बॅचला कळलं पाहिजे. शाखा क्रमांक किंवा न वापरलेली मोजणी असेल तर फील्डच्या मालकाला विचारून शून्य चालेल.

कोबोलकर
याच्याशी पूर्ण सहमत. शिवाय फोडण्याचं काम सम होण्याआधीच्या वेगळ्या स्टेपमध्ये करा. आउटफिल सगळ्यात शेवटी चालतो, तोवर सम सॉक सेव्हन देऊन मोकळा झालेला असतो.

क्रम पाठच हवा: आधी इन्क्लूड किंवा ओमिट, मग इनरेक, मग सॉर्ट आणि सम, मग आउटरेक, शेवटी आउटफिल. इन्क्लूडमधल्या जागा मूळ रेकॉर्डच्या असतात, तर सॉर्ट आणि सममधल्या जागा इनरेकनंतरच्या. कुणी इनरेकमध्ये रेकॉर्ड २०० चं ८० केलं आणि सॉर्टची की १२० वर तशीच ठेवली, की फील्ड रेकॉर्डच्या बाहेर गेल्याचा मेसेज येतो. की ४० वर असेल तर मेसेज येतच नाही, चुकीच्या बाइटवर सॉर्ट होतो.

व्हीबीला पहिले ४ बाइट रेकॉर्डच्या लांबीचे, म्हणून कॉपीबुकमधला पहिला बाइट सॉर्टसाठी ५ वा. आयसीई२१८ए आला, म्हणजे एखादं रेकॉर्ड तुम्ही सांगितलेल्या फील्डपर्यंत पोचतच नाही. आधी ४ मिळवायला विसरलात का ते बघा. रेकॉर्ड खरंच आखूड असतील तर इन्क्लूडसाठी व्हीएलएससीएमपी आहे, त्यात तुलनेपुरती उरलेली जागा बायनरी शून्यांनी भरली जाते. आउटफिलमध्ये फील्ड रचताना व्हीएलफिल द्या.

शिकाऊ_ऑपरेटर
रिटर्न कोड ० आला म्हणजे सॉर्ट नीट झाला असं धरायचं ना? आम्हाला मॉनिटरिंगमध्ये तेवढंच दिसतं.

जुनी_बॅच
नाही. मला ॲबेंडपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते.

सम फील्ड्स=(२१,४,पीडी) मध्ये बेरीज ९९,९९,९९९ च्या वर गेली तर ती चार पॅक्ड बाइटमध्ये मावत नाही. डीएफसॉर्ट ॲबेंड होत नाही. त्या दोन रेकॉर्डची बेरीज न करता दोन्ही तशीच ठेवतो आणि आयसीई१५२आय छापतो. मूळ सेटिंग ओव्हीएफएलओ=आरसी० आहे, म्हणून रिटर्न कोड शून्यच. पुढच्या प्रोग्रॅमला वाटतं की प्रत्येक खात्याला एकच रेकॉर्ड आहे, आणि दुसरं रेकॉर्ड कुठेतरी गळतं. उपाय म्हणजे इनरेकमध्ये २१,४,पीडी,टू=पीडी,लेंग्थ=८ करून फील्ड रुंद करा, १५ अंक मावतात. आणि त्या स्टेपला ऑप्शन ओव्हीएफएलओ=आरसी१६ ठेवा.

तसंच आयसीई१७१आय. सॉर्टआउटची लांबी सॉर्टइनपेक्षा वेगळी असल्याचं तो सांगतो. आउटपुट आखूड असेल तर रेकॉर्डची शेपटी कापली गेली. ट्रंक=आरसी१६ ठेवलं की जॉब थांबेल. आउटपुट रिकामं निघालं तर काय करायचं ते नलआउट ठरवतं.

आयसीई०५४आय मधले इन आणि आउट, आणि आयसीई०५५आय मधले इन्सर्ट आणि डिलीट, एवढे चार आकडे रोज पाहा. इन अधिक इन्सर्ट वजा डिलीट बरोबर आउट यायला हवं. आउटफिल असेल तर त्याचे आकडे वेगळ्या ओळीत येतात.

स्पूलवाला
रीरनआधी डिस्पोझिशन तपासा. सॉर्टआउट मॉड (फाइलच्या शेवटी भर घालणारं) असेल आणि पहिल्या प्रयत्नात अर्धी फाइल लिहिली गेली असेल, तर दुसऱ्या प्रयत्नात त्याच रेकॉर्डची भर पडते. अधिक १ ची जीडीजी (एकाच नावाच्या फाइलच्या क्रमवार पिढ्या) पिढी ॲबेंडनंतरही कॅटलॉग करायची सेटिंग असेल, तर अर्धी पिढीच चालू पिढी होऊन बसते. रात्रपाळी, तुमचं न्यू,कॅटलॉग,डिलीट बरोबर आहे, ते बदलू नका.

आणि सॉर्टइन व सॉर्टआउटला एकच डेटासेट कधीही देऊ नका. सॉर्ट लिहायला लागल्यावर बी३७ किंवा ऑपरेटरचा एस२२२ (जॉब रद्द) आला तर मूळ डेटा गेला. सॉर्टवर्कमधला उरलेला भाग स्टेपबरोबर पुसला जातो, तिथून काही परत मिळत नाही.

रात्रपाळी
लार्ज देऊन आउटपुट पूर्ण उतरलं. इन ४,००,१२,३४८, आउट तेवढेच, इन्सर्ट आणि डिलीट शून्य. आयसीई१५२आय किंवा १७१आय नाही. फिल्सझ दिलेलं नाही, सॉर्टइन डिस्कवर आहे.

जुनी_बॅच
मग फिल्सझ नकोच. डिस्कवरच्या फाइलचा आकार सॉर्टला आपोआप कळतो, आणि हाताने लिहिलेला आकडा पुढच्या वाढीला पुन्हा जुना होतो. फक्त डायनालॉक १२ वर ठेवा, आणि त्या पूलमध्ये महिनाअखेरीला एकाच वेळी असे किती सॉर्ट चालतात ते स्टोरेज टीमकडून काढून घ्या. पुढचा मेसेज आला तर तो ०८३ असेल.